दांडीवरचा तिसरा आवाज

सोळा वर्षं माझ्या पाठीवर एक काळी कढई होती. दुसऱ्याच्या चुकीचा ठपका कुणी आपल्यावर घेतला की आमच्याकडे म्हणतात, अमक्यानं काळी कढई पाठीवर घेतली. माझी कढई श्यांग शिलिनची होती. वेन बाईंनी तोंड उघडलं म्हणून श्यांगची डोली बंद पडली, असं यानच्याव गावातलं शेंबडं पोरही सांगायचं, आणि त्यातली निम्मी पोरं माझ्याच वर्गात बसायची. मी एकदाही नाही म्हटलं नाही. का, ते आता लिहायला हरकत नाही. शिलिनदादा गेल्या हिवाळ्यात गेले, आणि लिहून काढा असं त्यांच्या साडूनंच मला सांगितलंय.

आमचं गाव डोंगराच्या अर्ध्यावर. गाडीरस्ता कालपरवा झाला, त्याआधी सगळं काही माणसाच्या खांद्यावरूनच वर यायचं आणि खाली जायचं. त्यामुळे असेल, आमचं निम्मं बोलणं ओझ्याचं आहे. अर्धं काम टाकून फणकाऱ्यानं निघून जाणाऱ्यानं 'कावड टाकली'. साहेबाची खुशामत करणारा 'पालखी वाहतो'. उगाच वाद घालणारा 'दांडी उचलतो'. माझ्यासारखी पुस्तकी माणसं म्हणजे 'खांद्याला पेलवेना, हाताला उचलेना'. हे मला तोंडावर ऐकवलं गेलंय, तेही शाळेच्या अंगणात. आणि जीव टांगणीला लागतो, त्याला आम्ही म्हणतो काळीज खांद्यावर घेणं. धीर द्यायचा असला की म्हणतो, काळीज खाली ठेव.

शिलिनदादा तेराव्या वर्षी मीठ वाहायला लागले. मी गावात नोकरीला आले तेव्हा त्यांचा डोलीचा धंदा जोरात होता. दोन लांब बांबू, मध्ये वेताची खुर्ची, पुढे शिलिनदादा, मागे त्यांचा साडू थ्येन ग्वेई. साडूंना आमच्याकडे 'एकाच कावडीचे' म्हणतात. हे दोघे तर खरोखरच एका दांडीचे. आजारी माणसं, नवऱ्यामुली, देवळात निघालेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांना यांनीच वाहिलं. एकदा पशुवैद्याच्या हट्टापायी गाभण डुकरीण वाहिली. ती डोंगर उतरेपर्यंत किंचाळत होती.

"तिला नियम माहीत नव्हता, बाई," शिलिनदादा मला म्हणाले होते. "तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही तो पाळाल याची खात्री तिच्याइतकीच."

नियम असा की डोलीत बसलेल्यानं वाटेत तोंड उघडायचं नाही. मागच्या भोयाला रस्ता दिसत नाही, त्याच्यासमोर खुर्चीची पाठ असते. म्हणून पुढचा रस्ता ओरडून सांगतो, मागचा त्याला जोड देतो, आणि दोघांची पावलं त्या आवाजावर पडतात. पुढचा म्हणणार, "उजवीकडे आभाळ!" म्हणजे उजवीकडे दरी आहे. मागचा म्हणणार, "डाव्या अंगानं सांभाळ!" दांडीवर दोनच आवाज. तिसरा आवाज आला की पाऊल चुकतं, आणि डोलीला कायमची नजर लागते, असं सगळं गाव मानायचं. शिलिनदादांचा आणखी एक हट्ट होता. ओझं कितीही असो, 'जड' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. उजव्या खांद्यावर त्यांना वाफवलेल्या पावाएवढी गाठ आली होती. लहान पोरांना ते ती दाबून बघू द्यायचे.

त्या वर्षी तांबूस पर्सिमन झाडावर लगडले होते आणि मी, बेचाळीस वर्षांची शिक्षिका, पोरांना 'झाडावर चढू नका' हे सांगायला झाडावर चढले. खरं म्हणजे फळं काढायलाच चढले होते. पडले. गुडघ्याखालचं हाड मोडलं. गावच्या वैद्यानं पाला बांधला, फळ्या बांधल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माझ्या पायाचा अंगठा टोचला. मला काही कळलं नाही. पाय थंड आणि जांभळट झाला होता.

"आज तालुक्याला गेलात तर पाय राहील," तो म्हणाला. "उद्या गेलात तर मी सांगू शकत नाही."

गावातले तरणे सगळे दक्षिणेला कारखान्यांत गेलेले. शिलिनदादा आणि ग्वेई दारात आले तेव्हा रात्रभरचा पाऊस नुकता थांबला होता आणि धुकं वर सरकत होतं.

"बसा बाई. काळीज खाली ठेवा," शिलिनदादा म्हणाले. "दुपारच्या आत पोचवतो. फक्त तेवढं तोंड."

"शिवून घेऊ का?" मी म्हटलं.

"सुई आहे का घरात?" मागून ग्वेई म्हणाला, आणि अंगणात जमलेल्या बायका हसल्या.

पहिला तासभर मी ठणक्याशिवाय कशाचाच विचार केला नाही. खुर्ची हलायची, पाय उकळत्या पाण्यात घातल्यासारखा व्हायचा, मी दात आवळायची. पुढे आवाज, मागे आवाज. "पायाखाली आरसा!" म्हणजे निसरडं. "टाच रोव जरासा!" हळूहळू मला त्या लयीत बरं वाटायला लागलं.

मग अक्रोडाच्या वळणावर शिलिनदादा ओरडले, "माथ्यावर फांदी!"

"वाकली बघ दांडी!" ग्वेईनं जोड दिली.

दोघंही गुडघ्यात वाकले. माझी खुर्ची खाली गेली, पाच-सहा पावलं तशीच चालली, मग वर आली. मी वर बघितलं. माथ्यावर फक्त आभाळ होतं. ती फांदी नव्या वर्षाच्या आधीच कुणीतरी सरपणाला तोडून नेली होती. बुंध्यावरचा पांढरा वण मला स्वच्छ दिसत होता.

मला हसूच फुटलं. वाटलं, म्हातारा आपली गंमत करतोय. शिलिनदादांनी मान किंचित वळवली. ते हसले नाहीत. त्यांचा चेहरा एका बाजूनं दिसला, आणि मला दिसलं की ते माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या आवाजाकडे कान करत होते.

मी हसू आवरलं. मग मी ऐकायला लागले. दोन आरोळ्यांच्या मधे ते पुटपुटत होते. "तीनशे आठ, तीनशे नऊ..." पावलं मोजत होते. एका मोठ्या दगडाला ते ओरडून वळसा घालून गेले, पण त्याच्या पुढ्यात वाटेवर पडलेलं वाळकं खोड त्यांनी सांगितलंच नाही. त्यांची चप्पल त्याला लागली, खुर्ची हिसकली. मी ओरडू नये म्हणून ओठ इतका चावला की रक्त आलं. माणसाला दिसत नाही. पुढच्या माणसाला दिसत नाही, आणि माझ्या उजव्या हाताला आता दरी सुरू झाली होती.

मी भित्री नाही असं मला तोवर वाटत होतं. त्या खुर्चीचे दोन्ही हात मी इतके आवळले की वेत करकरू लागला. उतरता येईना, एक पाय मेलेला. ओरडावं तर ते दचकणार, आणि एक पाऊल चुकलं तर तिघंही खाली.

सपाट कातळ आला तेव्हा त्यांनी डोली टेकवली. शिलिनदादा डाव्या हातानं कडा चाचपत लघवीला वळणाआड गेले. मी वळून ग्वेईची बाही धरली.

"अरे, यांना दिसत नाही!"

"हळू बोला, बाई."

"तुला माहीत आहे?"

"दोन हिवाळे झाले." त्यानं घाम पुसला. "दादांना वाट पाठ आहे."

"फांदीला वाकलात तुम्ही! फांदी कुठंय? तूही वाकलास!"

"मी खुर्चीखालून दादांच्या टाचा बघून चालतो. वर कोण बघतंय?"

"मग आता तू पुढे हो. त्यांना मागे घे. मागच्याला डोळे लागत नाहीत."

ग्वेई पन्नाशीकडे झुकलेला दणकट गडी, पण त्याचा चेहरा पोराचा झाला. "मला खाली बघवत नाही," तो म्हणाला. "दरी दिसली की पाय विरघळतात. पहिल्या दिवसापासून. म्हणून तर दादा नेहमी पुढे. दादांनी कुणाला सांगितलं नाही. मग मी त्यांचं कसं सांगू?"

एकाला दिसत नव्हतं आणि दुसऱ्याला बघवत नव्हतं, आणि मी मधे. मला त्या दोघांच्या कानाखाली एकेक द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी रडू येत होतं.

"परत फिरू," मी म्हटलं.

"पाय जाईल तुमचा. आणि परत जायलाही हीच वाट आहे."

शिलिनदादा आले. "साडू काय कागाळ्या करतोय?" म्हणाले, आणि दांडीखाली खांदा घातला. मी त्यांच्या गाठीकडे बघत राहिले. काळीज खांद्यावर घेणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. खरोखर वजन असतं त्याला.

पुढे शेळीचा कडा. कड्यात कोरलेली वाट, दोन हात रुंद, उजवीकडे सरळ खाली नदी. धुकं फाटलं होतं, नदी दिसत होती, बारीक आणि पिवळी. शिलिनदादा मोजत होते. "उजवीकडे आभाळ!" "डाव्या अंगानं सांभाळ!" त्यांचा आवाज एवढा खणखणीत होता की डोळे मिटून ऐकलं असतं तर मला काही शंका आली नसती. पण मी डोळे मिटले नाहीत. मला दिसलं. पंधरा-वीस पावलांवर वाटेची बाहेरची कड नव्हती. रात्रीच्या पावसानं ती खाऊन टाकली होती. ताजी लाल माती, तीन पावलं लांबीचा तुकडा गेलेला, कड्याला चिकटून जेमतेम दीड पाऊल रुंदीची कातळाची पट्टी उरलेली. शिलिनदादा वाटेच्या मधोमध चालले होते, त्यांच्या पाठ असलेल्या वाटेच्या.

त्यांना सांगायचं कसं? मी किंचाळले असते तर ते थबकले असते, मागून ग्वेईचा रेटा आला असता. दहा पावलं उरली. सात. मग मी पहिलीच्या पोरांना अक्षरं म्हणून घेते त्या सुरात, त्यांच्याच लयीत, त्यांचं पाऊल टेकलं त्या ठोक्यावर म्हटलं,

"पुढची वाट तुटली!"

ग्वेईची जोड आली नाही. त्याची पावलं तेवढी ठप्प थांबली. शिलिनदादांचा उजवा पाय उचललेला होता. तो तसाच वर राहिला. खुर्ची हलत होती आणि माझ्या खाली नदी हलत होती. मला वाटलं, संपलं, तिसरा आवाज झाला.

मग शिलिनदादांनी तो पाय हळूच मागे टेकवला. मान ताठ केली आणि कड्यावर घुमेल अशा आवाजात, जणू त्यांनीच बघितलं होतं, ओरडले, "पुढची वाट तुटली!"

"पावलं इथं खुंटली!" ग्वेईनं जोड दिली. त्याचा आवाज चिरकला होता.

पुढचं सगळं मी कुजबुजत सांगितलं. भिंतीला चिकटा. आणखी. डावा पाय अर्धाच टाका, आता उजवा त्याच्या पुढे. ते ऐकायचे आणि तेच मोठ्यानं मागे पोचवायचे. माझं एकही वाक्य त्यांनी वाया जाऊ दिलं नाही आणि एकही माझं म्हणून ठेवलं नाही. ती पट्टी ओलांडताना खुर्चीची उजवी बाजू पूर्ण बाहेर होती. मी तिकडे बघितलं नाही, शिलिनदादांच्या पायांकडे बघितलं. त्यांच्या पोटऱ्या थरथरत होत्या. तेही घाबरले होते, आणि हे कळल्यावर माझी भीती कमी होण्याऐवजी दुप्पट झाली.

पायथ्याशी पोचल्यावर ग्वेई गवतात आडवा पडला आणि त्यानं तोंडावर टोपी घेतली.

"दोन हिवाळे!" मी शिलिनदादांना म्हटलं. "दोन हिवाळे माणसं वाहताय अशी?"

"वाट पाठ आहे, बाई."

"तुम्हाला वाट पाठ आहे. वाटेला तुम्ही पाठ आहात का?"

ते म्हणाले, "फांदी कधी तोडली?"

"नव्या वर्षाच्या आधी."

"कुणी बोललंच नाही मला. तुम्ही हसलात तेव्हा कळलं, फांदी नाही."

तालुक्याच्या रुग्णालयात माझा पाय वाचला, थोडा आखूड झाला. मी हट्ट करून शिलिनदादांचेही डोळे दाखवले. आतल्या नसा वाळल्यात, उपाय नाही, असं डॉक्टर म्हणाले. खाटेशेजारी बसून ते टोपी फिरवत होते.

"आता दांडी खाली ठेवायची," मी म्हटलं. "नाहीतर मी गावात सांगते."

"ठेवतो. पण बाई, आंधळा झाला म्हणून नको. माणसं मागचं सगळं उगाळतील, आमची सून अशी नेली, आमची आई अशी नेली. रात्रीची झोप जाईल त्यांची. दुसरं काहीही सांगा."

"मग गेला कावड टाकून, म्हणतील."

"तेवढं नको," ते लगेच म्हणाले.

महिन्यानं मला घरी न्यायला तेच आले. दुसरं कोण होतं? मी बसले. जाताना भीती वाटली होती त्याहून जास्त वाटली, कारण आता सगळं माहीत होतं. कड्यावर गावानं तीन ओंडके टाकले होते. त्या दिवशी मी कुजबुजले नाही. मी मोठ्यानं सांगत गेले, मुद्दाम, मक्याच्या शेतातल्या बायकांना ऐकू जाईल असं.

"पायाखाली लाकूड!" मी ओरडले. शिलिनदादांनी तेच म्हटलं. "एकेक पाऊल आखूड!" मागून ग्वेई.

अंगणात पोचेपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती.

"बाई, डोलीत बसून तोंड उघडलंत?" शेजारची म्हातारी कपाळ बडवत म्हणाली. "तेही वाटभर?"

शिलिनदादा म्हणाले, "यात बाईंचं काही..."

"उघडलं," मी म्हटलं. "शिकवल्याशिवाय मला चैन पडत नाही, तुम्हाला माहीतच आहे. यांचा एक शब्द बरोबर नव्हता."

दुसऱ्या दिवशी शिलिनदादांनी बांबू वळचणीला बांधले. नजर लागलेली डोली पुन्हा उचलायची नसते, सगळ्यांना पटलं. मी सरपंचाच्या मागे लागून चार घरांची पाळी लावून घेतली, आजारी माणसाला चौघांनी खाटेवरून न्यायचं. दोन वर्षांनी शिलिनदादा काठीनं चाचपत चालायला लागले, तेव्हा लोक म्हणाले, बघा, बाईंच्या तोंडानं डोळेही गेले. माझ्या पाठीवरच्या कढईत आणखी एक कढई बसली. लोकांना रात्री झोप लागत होती, मी काय बोलणार? दर हिवाळ्यात माझ्या दाराच्या खुंटीला डुकराचा धुरी दिलेला एक पाय टांगलेला असायचा. कोण आणून ठेवायचं, मी कधी विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांना नेलं. श्यांगांची थडगी शेळीच्या कड्यापलीकडे आहेत. आता तिथं सिमेंटची रुंद वाट आहे, कठडा आहे. आठ खांदेकरी होते. पुढची जागा घरातल्या मोठ्याची, म्हणून ग्वेई आयुष्यात पहिल्यांदा पुढे उभा राहिला, पासष्टीचा. शवपेटी वाटेत जमिनीला टेकवायची नसते. कड्याच्या तोंडाशी तो थांबला आणि पुढे जाईना. मागची माणसं ओरडायला लागली. मी लंगडत लंगडत मागून येत होते.

"बाईंना पुढे बोलवा," ग्वेई म्हणाला.

"त्यांना कशाला?" कुणीतरी म्हणालं. "आजही नजर लावायचीय का?"

ग्वेईनं मान वळवली नाही. तो रडत होता की भीतीनं थरथरत होता, मला सांगता येत नाही. त्यानं मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "मला खाली बघवत नाही. कधीच बघवलं नाही. आणि दादांना दिसत नव्हतं. त्या दिवशी बाई बोलल्या, म्हणून आम्ही तिघं जिवंत घरी आलो. तुम्ही सोळा वर्षं उगाच बोललात."

शेजारची म्हातारी आता नाही, पण तिची सून होती. तिनं माझ्यासमोरची वाट मोकळी केली.

मी पुढे गेले. ग्वेईनं डोळे मिटून घेतले. कठडा असला तरी खालची नदी तेवढीच खाली होती.

"बोला, बाई," तो म्हणाला. "दादांना तुमच्या आवाजाची सवय आहे."

"उजवीकडे आभाळ," मी म्हटलं.

ग्वेईनं ते मोठ्यानं म्हटलं, मागच्या सात जणांनी जोड दिली, आणि पेटी पुढे निघाली.